‘मार्व्हल रायव्हल्स’ : अभ्यास सुटलेल्या खेळाडूचा अधिकार

कलेच्या आस्वादासाठी आस्वादकाच्या अंगी अधिकार असावा लागतो, हा विचार भारतीय साहित्यशास्त्राला नवा नाही. अभिनवगुप्ताच्या सहृदय-कल्पनेत काव्याच्या अभ्यासाला महत्त्वाचे स्थान आहे. परंतु हा अभ्यास सुटला तरी काव्य बदलत नाही. दहा वर्षांनी परतलेल्या वाचकापुढे तीच संहिता उभी असते. संगणकीय खेळाची गोष्ट निराळी आहे. तेथे संहिता खेळाडूच्या हातून घडते, आणि हात मंदावला की संहिताही खुंटते. अशा खेळाडूला कोणता अधिकार उरतो, हा प्रश्न ‘मार्व्हल रायव्हल्स’ ह्या खेळाच्या संदर्भात तपासून पाहण्याजोगा आहे.

नेटईझ ह्या चिनी संस्थेने ६ डिसेंबर २०२४ रोजी प्रकाशित केलेल्या ह्या खेळात सहा जणांचे दोन संघ परस्परांशी लढतात. आरंभी त्यात ३३ अतिमानवी पात्रे होती, आणि ती सर्व विनामूल्य खुली होती. उत्पन्न मुख्यत्वे पात्रांच्या वेशभूषांच्या विक्रीतून येते. म्हणजे द्रव्य देऊन वेश मिळतो, कौशल्य मिळत नाही. प्रवेश सर्वांस मुक्त असला, तरी अधिकार ज्याचा त्यानेच कमवावयाचा असतो.

दीर्घ खंडानंतर परतलेला खेळाडू साहजिकच बालपणापासून परिचित असलेल्या पात्राकडे, बहुधा स्पायडर-मॅनकडे, वळतो. पण हे पात्र खेळावयास अवघड अशांपैकी आहे. जाळ्याच्या दोरावर झोके घेत शत्रूवर झडप घालावयाची आणि क्षणार्धात निसटावयाचे, ह्यासाठी लागणारी चपळाई त्याच्या बोटांत राहिलेली नसते. तो पडतो, थांबतो, पुन्हा येतो आणि पुन्हा पडतो. पात्रावरील प्रेम आणि पात्र साकारण्याची शक्ती ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यास येथे कळते. नटाला ही जाणीव असतेच. वाचकाला ती सहसा होत नाही.

ह्या खेळाचे वैशिष्ट्य ह्यापुढे प्रकट होते. पात्रांचे आघाडी सांभाळणारे, प्रहार करणारे आणि साहाय्य करणारे असे तीन वर्ग आहेत. तिसऱ्या वर्गातील डॅगरचे खंजीर लक्ष्याचा वेध स्वतःहून घेतात, आणि सहकाऱ्यास लागल्यास त्याची शक्ती भरून काढतात. रॉकेटने सोडलेले गोलक पुढे जात जखमी सहकाऱ्यांस सावरतात. येथे अचूक नेमापेक्षा कोठे उभे राहावे, प्रथम कोणास सावरावे, निर्वाणीची शक्ती केव्हा राखून ठेवावी, हा विवेक अधिक मोलाचा ठरतो. वाहन पुढे नेण्याच्या डावात तर आक्रमक संघाने त्याच्याजवळ टिकून राहणे हाच विजयाचा मार्ग असतो. हात गंजला तरी विवेक तितका गंजत नाही.

साहाय्यकाची भूमिका ही काही ह्या खेळाची निर्मिती नव्हे. ‘टीम फोर्ट्रेस २’ (२००७) आणि ‘ओव्हरवॉच’ (२०१६) ह्यांत ती होतीच. मात्र येथील पात्रे आपला पूर्वेतिहास घेऊन येतात. आरंभीच्या आवृत्तीत रॉकेट ग्रूटच्या खांद्यावर बसून लढू शकत असे. युद्धातील ही सोय त्यांच्या जुन्या मैत्रीचे भाष्यही होते. ‘फँटास्टिक फोर’ (१९६१) आणि ‘अ‍ॅव्हेंजर्स’ (१९६३) ह्या चित्रकथांनी रुजविलेला संघभाव असा खेळाच्या नियमांतच उतरतो. पराक्रम हा परस्परावलंबनाचा परिणाम आहे, हे सूत्र चपळ खेळाडूच्या ध्यानी येण्यापूर्वी मंदावलेल्या खेळाडूच्या ध्यानी येते. कारण त्यास एकट्याने जिंकण्याचा मार्गच उरलेला नसतो.

ह्या सूत्राशी खेळ शेवटपर्यंत प्रामाणिक राहत नाही. डाव संपताच विजयी संघातील एकाच खेळाडूस सर्वश्रेष्ठ ठरवून त्याचा गौरव होतो. हा मान साहाय्यकासही मिळू शकतो, हे खरे. आणि कोणी किती सावरले ह्याची नोंदही कोष्टकात असते. परंतु योग्य जागी थांबणे, शक्ती राखून ठेवणे, सहकाऱ्यासाठी माघार घेणे ह्यांस कोष्टकात रकाना नाही. सहा जणांनी घडविलेली कथा अखेरीस एका नायकाच्या नावावर चढते.

तात्पर्य, ‘मार्व्हल रायव्हल्स’ अभ्यास सुटलेल्या खेळाडूस अधिकार नाकारत नाही. तो हातांकडून विवेकाकडे नेतो. नियमांनी दिलेला हा अधिकार गौरवसोहळा मान्य करीत नाही, हीच ह्या कृतीतील मूलभूत विसंगती होय.