घर नावाचं परिशिष्ट

सरकारी नियमावली ही वाङ्मयीन कृती म्हणून वाचायची पद्धत आपल्याकडे नाही. नियम पाळायचे असतात, मोडायचे असतात, फार तर वकिलाकडून किंवा सीएकडून समजून घ्यायचे असतात. पण काही नियमावल्यांत एखाद्या कादंबरीइतकं जग भरलेलं असतं, फक्त ते क्रमांक घालून लिहिलेलं असतं. ‘बॅगेज रूल्स, २०१६’ ही त्यातली एक. १ मार्च २०१६ला अधिसूचना निघाली आणि १ एप्रिलपासून नियम लागू झाले. परदेशातून भारतात येताना काय आणलं तर ड्यूटी नाही आणि काय आणलं तर आहे, हे त्यात सांगितलं आहे. परदेशातला संसार आवरून जे परत येतात त्यांच्यासाठी सहावा नियम आहे. त्या नियमासोबत जोडलेल्या याद्या वाचल्या, की सरकारच्या मते घर म्हणजे काय याचं बऱ्यापैकी पूर्ण चित्र हाती येतं. आकडे आणि नियम बदलत राहतात; मी इथे २०१६चा तो मजकूर मजकूर म्हणून वाचतो आहे. ड्यूटी कशी वाचवावी हे शोधायला आलेल्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.

सुरुवात व्याख्यांनी होते आणि त्या अनपेक्षितपणे चांगल्या आहेत. कुटुंब म्हणजे एका घरात राहणारी आणि एकाच संसाराचा भाग असलेली सगळी माणसं. त्यात रक्त नाही, लग्न नाही, आडनाव नाही. इतकी उदार व्याख्या आपल्या लग्नपत्रिकांनाही जमलेली नाही. तान्हं मूल म्हणजे दोन वर्षांपर्यंतचं. वैयक्तिक वापराचं सामान म्हणजे रोजच्या गरजा भागवायला लागणाऱ्या वस्तू, दागिने सोडून. पण ‘घरगुती वस्तू’ हा शब्द नियमांत येतो तो व्याख्येशिवाय. घर काय ते सगळ्यांना ठाऊकच आहे, असं लिहिणाऱ्याने गृहीत धरलं. मग व्याख्येचं काम याद्यांवर आलं.

त्याआधी एक शिडी आहे. तीन ते सहा महिने बाहेर राहून परतलात तर ६०,००० रुपयांपर्यंतच्या सामानावर ड्यूटी नाही. सहा महिने ते वर्ष असेल तर एक लाख. मागच्या दोन वर्षांत किमान एक वर्ष बाहेर असाल तर दोन लाख. दोन वर्षं किंवा जास्त असेल तर पाच लाख. शिवाय अटी: वरच्या दोन पायऱ्यांसाठी ही सवलत गेल्या तीन वर्षांत घेतलेली नसावी, आणि शेवटच्या पायरीसाठी त्या दोन वर्षांतल्या भारतभेटी मिळून सहा महिन्यांच्या वर जाऊ नयेत. शिडीचा अर्थ सरळ आहे. जितका काळ दूर, तितकं मोठं घर. पण ती दोन वर्षांवर थांबते. दोन वर्षांच्या प्रोजेक्टवर गेलेला मुलगा आणि तीस वर्षं नोकरी करून, मुलं वाढवून परतणारं जोडपं एकाच पायरीवर उभं राहतं. तीस वर्षांत घरात काय साठतं, याची कल्पना या मजकुराला नाही.

आता याद्या. परिशिष्ट एकमध्ये बंदुका, ५०पेक्षा जास्त काडतुसं, १००पेक्षा जास्त सिगारेटी, दोन लिटरपेक्षा जास्त दारू, दागिने सोडून इतर रूपातलं सोनं-चांदी, आणि शेवटी फ्लॅट पॅनल टीव्ही. बंदुकीपासून निघालेली यादी टीव्हीपाशी पोचते. हा विनोद वाटतो, पण त्यामागे तारीख आहे. ऑगस्ट २०१३मध्ये रुपया घसरत असताना, विमानातून टीव्ही आणणाऱ्यांची रांग थांबवायला सरकारने फ्लॅट टीव्हीची सवलत काढून घेतली. ती घाई पुढे नियमात मुरली. यादीतली प्रत्येक ओळ अशीच कुठल्यातरी वर्षीच्या भीतीची किंवा मोहाची नोंद असते.

परिशिष्ट दोनमध्ये डिशवॉशर, डीप फ्रीझर, ३०० लिटरच्या वरचा फ्रीज, होम थिएटर. या वस्तू सवलतीतून बाहेर. परिशिष्ट तीनमध्ये व्हीसीआर, डीव्हीडी प्लेअर, म्युझिक सिस्टिम, एसी, मायक्रोवेव्ह, वर्ड प्रोसेसिंग मशीन, फॅक्स, छोटं झेरॉक्स मशीन, वॉशिंग मशीन, शेगडी, कॉम्प्युटर, लॅपटॉप, आणि ३०० लिटरपर्यंतचा फ्रीज. या वस्तू सवलतीत आत. २०१६ साली नव्याने काढलेल्या नियमांत वर्ड प्रोसेसिंग मशीन! मी ते यंत्र आयुष्यात पाहिलेलं नाही. जुन्या कोडमध्ये असतं तसं आहे हे. कुणीतरी कधीतरी लिहिलेली ओळ पुढच्या प्रत्येक आवृत्तीत कॉपी होत जाते, कारण ती काढली तर काय मोडेल हे कुणालाच सांगता येत नाही. आणि ३०० लिटरची रेष? तिच्या अलीकडचा फ्रीज म्हणजे संसार, पलीकडचा म्हणजे चैन. मध्यमवर्गाची इतकी नेमकी व्याख्या मी एकाही समाजशास्त्रीय लेखात वाचलेली नाही.

याआधीच्या १९९८च्या नियमांत याहून बोलकी ओळ होती. परतणाऱ्या माणसाला त्याच्या व्यवसायाची हत्यारं काही मर्यादेपर्यंत आणता येत. व्यवसायाची हत्यारं कुणाची, तर सुतार, प्लंबर, वेल्डर, गवंडी आणि तत्सम लोकांची. कॅमेरा, टाइपरायटर, डिक्टाफोन, कॉम्प्युटर या सामान्य वापराच्या वस्तू, म्हणून त्या यात धरायच्या नाहीत. ही ओळ वाचताना आखातातून परतणारा कामगार डोळ्यांसमोर येतो, आणि नियम लिहिणाऱ्याने त्याला एकदा तरी नीट पाहिलं होतं याबद्दल बरं वाटतं. माझ्या धंद्याचं यंत्र मात्र त्या व्याख्येत हत्यार ठरत नाही. माझी तक्रार नाही. रंधा दुसऱ्या कशाला वापरता येत नाही, लॅपटॉपवर सिनेमाही बघता येतो.

दागिन्यांच्या नियमात भाषा अचानक जुनी होते. वर्षाहून जास्त काळ बाहेर राहिलेल्या ‘जंटलमन’ प्रवाशाला २० ग्रॅम, किंमत ५०,००० रुपयांपर्यंत. ‘लेडी’ प्रवाशाला ४० ग्रॅम, किंमत एक लाखापर्यंत. दोन अटी, दोन्ही एकाच वेळी पाळायच्या. वजन तेच राहतं, भाव चढतो. २०२५मध्ये दहा ग्रॅम सोनं लाखाच्या वर गेलं, म्हणजे लाखाच्या मर्यादेत दहा ग्रॅमही बसेना. ४० हा आकडा कागदावर राहिला आणि बाईच्या हातातल्या बांगड्यांचा हिशेब दुसऱ्याच अटीने ठरू लागला. प्रोग्रॅममध्ये बदलणारी किंमत आकडा म्हणून ठोकून दिली की असंच होतं.

आता याशेजारी युरोपीय संघाचा २००९चा नियम ठेवून बघू, क्रमांक ११८६. तिथे घर बदलणाऱ्याला जवळपास सगळं माफ आहे. निकष वेगळा आहे: माणूस किमान १२ महिने बाहेर राहिलेला हवा, आणि वस्तू त्याने आधीच्या घरी किमान सहा महिने वापरलेली हवी. दारू-तंबाखूला सूट नाही, आणलेलं सामान वर्षभर विकता किंवा भाड्याने देता येत नाही. बाकी चादरी-टॉवेल, फर्निचर, घराला पुरेल एवढा शिधा, पाळीव प्राणी, अगदी स्वारीचं जनावरसुद्धा घराचाच भाग. वापरलेली वस्तू म्हणजे घरची वस्तू, एवढा साधा विचार. मला हा नियम गद्य म्हणूनही जास्त आवडतो. त्यात घोडा आहे.

पण त्या यादीत खासगी विमान आणि सहलीची बोटही आहे. सहा महिने वापरलेली बोट करमुक्त आत येते, कारण वापराच्या निकषाला श्रीमंती दिसत नाही. आपला नियम गैरसोयीचा असेल, पण पाच लाखांच्या वरच्या सामानाला काहीतरी मोजावं लागेल असं तो निदान म्हणतो. गरीब देशाच्या मजकुरात हा संशय असणं मी समजू शकतो. माझा आक्षेप किमतीला नाही, किमतीखेरीज दुसरं काहीच नसण्याला आहे.

जर्मनीतून परत येताना मी सामानाची यादी केली. वस्तू, नग, अंदाजे किंमत, असे तीन रकाने. त्यात आईने जाताना दिलेलं पुरणयंत्र होतं, वर्ध्याच्या बाजारातलं. जाताना ते कुठल्याच यादीत नव्हतं, कपड्यांत गुंडाळून गेलं होतं. येताना किंमत लिहायची वेळ आली. मोडीत काढलं तर काय येईल तेवढी? नवं घ्यायला लागेल तेवढी? की परक्या गावात चार होळ्यांना ज्यांच्या ज्यांच्या घरी ते फिरलं त्याची काही? सामान पाठवणाऱ्या एजंटने ते, पोळपाट, कुकर आणि कुंडा एकत्र करून ‘किचन, किरकोळ, वापरलेलं’ असं लिहून टाकलं. व्यवहारात तो बरोबरच होता. पण या साहित्यप्रकाराचा दोष त्या ओळीत सापडतो. ज्या वस्तूंनी घर घर होतं त्या ‘किरकोळ’मध्ये जातात, आणि परिशिष्टांत नाव मिळतं ते प्लग असलेल्या वस्तूंना.

वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला या विषयावर लिहिताना सेवाग्राम टाळता येत नाही. सप्टेंबर १९३१मध्ये गोलमेज परिषदेला जाताना गांधीजी मार्सेय बंदरात उतरले, तेव्हा कस्टमच्या अधिकाऱ्याला त्यांनी दिलेली यादी प्रसिद्ध आहे. सहा चरखे, तुरुंगातली भांडी, शेळीच्या दुधाचा डबा, सहा पंचे आणि टॉवेल, आणि शेवटी फारशी किंमत नसलेली आपली प्रतिष्ठा. हा जाहीरनाम्याच्या फॉर्मचा उत्तम उपहास आहे. ज्या रकान्यात रुपये भरायचे तिथे त्यांनी अब्रू भरली आणि तिची किंमत स्वतःच कमी लावली. पण ही यादी तयार व्हायच्या आधीचं संपादनही लक्षात घ्यावं. त्याच प्रवासात बरोबरच्यांनी गोळा केलेल्या बॅगा पाहून ते चिडले होते आणि एडनहून बरंच सामान परत पाठवलं होतं. पुढे १९३६मध्ये सेगावला, म्हणजे नंतरच्या सेवाग्रामला, राहायला येताना झोपडीचा खर्च शंभर रुपयांच्या वर जाऊ नये ही त्यांची अट होती. तीही एक मर्यादाच. फरक इतका की ती त्यांनी स्वतःला घातली.

इथवर गांधी-वाचन सोपं आहे, आणि सेवाग्रामवर लिहिणारे बरेचदा इथेच थांबतात. मला त्यापेक्षा १९०१चा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. दक्षिण आफ्रिका सोडून भारतात परतताना गांधी कुटुंबाला भेटींचा ढीग मिळाला. त्यात कस्तुरबांसाठी पन्नास गिनींचा सोन्याचा हार होता. गांधीजींनी सगळं ट्रस्टला द्यायचं ठरवलं, मुलं लगेच तयार झाली, कस्तुरबा झाल्या नाहीत. आत्मकथेत हा वाद गांधीजींनी स्वतःच प्रामाणिकपणे लिहिला आहे. कस्तुरबांचे मुद्दे दोन: उद्या सुना येतील, त्यांना काय घालायचं, आणि तुमच्या सेवेबद्दल मिळालं म्हणता, तर त्या सेवेत माझे कष्ट नव्हते का? दुसऱ्या मुद्द्याला गांधीजींना उत्तर सुचलेलं दिसत नाही. हार गेलाच. पण सामानाच्या यादीवरचा सगळ्यात नेमका आक्षेप तिथे नोंदला गेला. वस्तूची किंमत कुणी लावायची, आणि ती लावताना घरातल्या कामाचा रकाना कुठे आहे? १९३१ची यादी इतकी मोहक वाटते याचं एक कारण, तिच्यात हा प्रश्न विचारणारं कुणी नाही. सेवाग्रामला बापूकुटीसमोर हात जोडून निघणाऱ्यांनी जवळच्या बा-कुटीतही जरा वेळ थांबावं, ते यासाठी.

वर्ध्यात हा प्रश्न हिशेबाच्या भाषेत मांडणारा माणूसही होता. जे. सी. कुमारप्पा लंडनला शिकलेले चार्टर्ड अकाउंटंट. मगनवाडीत बसून त्यांनी ग्रामोद्योगाचं अर्थशास्त्र लिहिलं. वस्तूच्या बाजारभावात तिच्यामागचे श्रम, अन्याय, जिव्हाळा काहीच दिसत नाही, हे त्यांचं म्हणणं. ते एखाद्या कवीने म्हटलं असतं तर आपण मान डोलावून पुढे गेलो असतो. ताळेबंद तपासणाऱ्या माणसाने म्हटल्यामुळे ते टोचतं.

आपल्या साहित्यानेही यात फार वेगळं काही केलेलं नाही. परदेशी गेलेल्या मराठी माणसांचं जे लेखन मी वाचलं त्यात जातानाचं सामान भरपूर येतं: दोन बॅगा, मसाला, लोणच्याची बरणी, विमानतळावरचे डोळे. परतीचं सामान क्वचित येतं. परतणं हे अजून आपल्याकडे एक तर त्याग म्हणून लिहिलं जातं, नाही तर अपयश म्हणून. त्या दोन्हींत कुंड्याला जागा नाही. त्यामुळे परतणाऱ्याच्या घराचं सगळ्यात सविस्तर वर्णन कस्टमच्या परिशिष्टात सापडतं, ही वेळ आली आहे.

नियम लिहिणाऱ्यांकडून कादंबरी मागावी असं मी म्हणत नाही. पण वर्ड प्रोसेसिंग मशीनला जिथे २०१६पर्यंत जागा मिळाली, तिथे ‘दीर्घकाळ वापरलेल्या घरगुती वस्तू’ अशी एक ओळ, पाच लाखांची मर्यादा कायम ठेवूनसुद्धा, सहज बसली असती. तिने महसूल बुडाला नसता. पुरणयंत्राची किंमत शोधण्यात दोन्ही बाजूंच्या माणसांचा जो वेळ जातो, तेवढा वाचला असता.