खडूच्या वर्तुळातील मूल

गेल्या वर्षी धर्मग्रामाच्या सणाच्या निमित्ताने आमच्या युवकांनी बर्टोल्ट ब्रेख्त यांच्या ‘कॉकेशियन चॉक सर्कल’ या नाटकातील शेवटचा, न्यायदानाचा प्रवेश बसवला. मिशेलच्या भूमिकेसाठी आठ वर्षांचा एक चुणचुणीत मुलगा निवडला होता. पहिल्याच तालमीला त्याने आम्हांला विचारले, “फादर, माझं वाक्य कोणतं?” आम्ही संहिता चाळली. त्याच्या वाट्याला वाक्य नव्हते. दोन स्त्रियांनी त्याचे दोन हात धरून ओढायचे आणि त्याने मध्ये उभे राहायचे, एवढेच त्याचे काम. “तू नुसता उभा राहा,” असे सांगून आम्ही तालीम पुढे नेली. प्रश्न मात्र मनातून जाईना. म्हणून हे नाटक आम्ही पुन्हा एकदा, या वेळी सावकाशीने वाचले.

ब्रेख्त यांनी ते १९४४ साली, नाझींच्या भयाने मायदेश सोडून अमेरिकेत राहत असताना लिहिले. चिं. त्र्यं. खानोलकर यांनी ‘अजब न्याय वर्तुळाचा’ या नावाने ते मराठीत आणले आणि विजया मेहता यांनी रंगभूमीवर उभे केले, हे आमच्या पिढीच्या वाचकांना आठवत असेल. मूळ कल्पना चिनी. तेथील जुन्या नाटकात वर्तुळाची परीक्षा जन्मदात्या आईच्या बाजूने लागते. ब्रेख्त यांनी ती उलटी केली. ईस्टर रविवारी बंड होते, सुभेदाराचा शिरच्छेद होतो, त्याची पत्नी उंची वस्त्रे गोळा करण्याच्या नादात तान्हे मूल मागे टाकून पळते. स्वयंपाकघरातील ग्रुशा नावाची मोलकरीण ते उचलते. त्याला घेऊन ती डोंगर ओलांडते, दऱ्यांवरचा मोडका पूल पार करते, त्याच्यासाठी नको असलेला विवाहही पत्करते. बंड शमल्यावर सुभेदारीण मूल परत मागते, कारण वारस हाती असल्याखेरीज इस्टेटीचे उत्पन्न तिला मिळणार नाही. न्यायाधीश अझ्दाक हा पूर्वीचा गावठी कारकून, लाचखाऊ आणि दारुडा. कायद्याचे पुस्तक तो बसायला घेतो! तो खडूने वर्तुळ काढवून घेतो, मूल मध्ये ठेवायला लावतो आणि ओढायला सांगतो. मूल फाटेल म्हणून ग्रुशा दोनदा हात सोडते. मूल तिला मिळते.

या निवाड्याने प्रेक्षक टाळ्या वाजवतात, आणि वाजवाव्यात. ज्यांच्या घरात संत योसेफाची तसबीर आहे त्यांना जन्म देणारा आणि वाढवणारा यांतील नाते निराळे समजावून सांगावे लागत नाही. रक्तापेक्षा कष्टाला मान देणारे हे नाटक आम्हांला ख्रिस्ती मनाच्या फार जवळचे वाटते. लेखक स्वतः नास्तिक होता, ही गोष्ट अलाहिदा.

आमची हरकत निराळीच आहे. शलमोन राजाच्या निवाड्याशी या प्रसंगाची तुलना नेहमी होते. पण राजांच्या पहिल्या ग्रंथातील ते मूल अवघ्या काही दिवसांचे आहे. त्याला विचारणार काय? मिशेल तसा नाही. आधीच्या एका प्रवेशात तो इतर मुलांबरोबर ‘मुंडके उडवण्याचा’ खेळ खेळतो आणि आपल्यालाही मुंडके उडवायचे आहे असा हट्ट धरतो. म्हणजे त्याला तोंड आहे, इच्छा आहे, खेळात आपली जागा कोणती हे कळते. खटला चालू होताच मात्र नाटककार ते तोंड बंद करतो. वकील बोलतात, आई बोलते, दाई बोलते. जिच्या मनातले तिच्या ओठांवर येत नाही, त्या ग्रुशाचे विचारदेखील गायक गाऊन दाखवतो. मिशेलचे मन गाणारा गायक कोणी नाही. शेवटी अझ्दाक सुभेदाराची मालमत्ता नगराला देऊन तेथे मुलांसाठी बाग करण्याची आज्ञा देतो. बाग मुलांसाठी आणि नाव अझ्दाकचे!

हा केवळ विसर असता तर आम्ही एवढे लिहिले नसते. नाटकाच्या अखेरीस गायक जो निष्कर्ष सांगतो त्यात तीन गोष्टी एका ओळीत येतात. मूल मायाळू माणसाकडे जावे, गाडी चांगल्या गाडीवानाकडे जावी, खोरे पाणी खेळवणाऱ्याकडे जावे. गाडी आणि खोरे यांना बोलता येत नाही. त्यांची योग्य वाटणी करणे हाच न्याय. मूल त्या रांगेत बसत नाही. सुभेदारणीने त्याला मिळकत मानले, आणि नाटककाराने त्याला चांगल्या हाती पडलेली मिळकत मानले. दुसरे पहिल्यापेक्षा पुष्कळ बरे, पण जात तीच.

गंमत अशी की दुसऱ्या प्रकारच्या न्यायाचे चित्र ब्रेख्त यांनी याच नाटकाच्या आरंभी रेखाटले आहे. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या एका खोऱ्यावर दोन गावांचा दावा आहे, एक शेळ्या पाळणारे आणि एक फळबागा लावणारे. ते समोरासमोर बसतात, एकमेकांचे ऐकतात, पाटाच्या पाण्याचे नकाशे पाहतात आणि शेळीवाले आपण होऊन खोरे सोडतात. तेथे वर्तुळ नाही, ओढाताण नाही. सोव्हिएत प्रचार म्हणून हा भाग पुष्कळ दिग्दर्शक गाळतात. आमच्या मते त्यात प्रचार आहेच, तरीही तो गाळल्याने नाटकाचे नुकसान होते.

असे समोरासमोर बसणे आता कायद्याच्या पुस्तकातही शिरले आहे. न्यूझीलंडमध्ये १९८९ च्या कायद्याने, माओरी लोकांच्या कुटुंब-परंपरेचा आधार घेऊन, अपराध केलेल्या अल्पवयीनासाठी कुटुंबबैठक आणली. मुलगा, त्याचे नातलग, ज्याचे नुकसान झाले तो माणूस आणि पोलीस एकत्र बसतात. झालेले नुकसान कसे भरून काढायचे हे ठरते, आणि ठरवणाऱ्यांत तो मुलगाही असतो. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा करार संमत केला. त्याचे बारावे कलम म्हणते की, स्वतःचे मत बनवू शकणाऱ्या मुलाला आपल्याविषयीच्या प्रत्येक बाबीत ते मांडता यावे आणि वय व समज पाहून त्याला वजन द्यावे. भारताने १९९२ मध्ये हा करार स्वीकारला. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलाच्या सहभागाचे तत्त्व स्पष्ट शब्दांत आहे. इंग्रजी अमदानीतील १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानेदेखील समजत्या मुलाची पसंती विचारात घेण्याची मुभा न्यायालयाला दिली होती. म्हणजे अझ्दाकपेक्षा इंग्रजांचा कायदा या एका बाबतीत पुढे होता, असे म्हणायची पाळी येते.

आमचे काही वाचक येथे अस्वस्थ होतील, हे आम्ही जाणतो. मुलांना विचारू लागलो तर घर कोण चालवणार? ही शंका हलकी नाही. परमपीठाने १९९० साली हा करार मान्य करतानाच आईवडिलांचे मूलभूत हक्क अबाधित राहावेत अशी नोंद केली होती. शिवाय दुसरा धोकाही आहे. विभक्त होणाऱ्या पतिपत्नींच्या मध्ये मुलाला उभे करून “आई हवी की बाबा?” असे विचारणे म्हणजे तेच वर्तुळ त्याच्या काळजात काढणे होय. ऐकून घेणे वेगळे आणि निवडीचे ओझे त्याच्या डोक्यावर ठेवणे वेगळे. बाराव्या कलमाने मुलाला बोलण्याचा हक्क दिला आहे, सक्ती केलेली नाही.

पण मुलाचे ऐकणे ही परकी कल्पना आहे, असे कॅथलिक माणसाने म्हणू नये. १९१० साली पोप दहावे पायस यांनी सात वर्षांच्या सुमाराचे मूल प्रायश्चित्त व ख्रिस्तप्रसाद घेण्यास समर्थ मानले. तेव्हापासून ते मूल आपला अपराध आपल्याच तोंडाने सांगते. त्याच्या वतीने आई सांगत नाही. १९८३ च्या धर्मसभेच्या कायद्यानुसार आध्यात्मिक बाबींतील खटल्यात चौदा वर्षे पूर्ण केलेला अल्पवयीन पालकांच्या संमतीवाचून स्वतः बाजू मांडू शकतो. आणि दानिएलाच्या ग्रंथाचा तेरावा अध्याय आपल्या बायबलमध्ये आहेच. वडीलधाऱ्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून सभेने सुसान्नाला देहान्त शिक्षा फर्मावली, आणि एक कोवळा मुलगा ओरडला. सभेने खटला पुन्हा उघडला, ही त्या कथेतील आम्हांला दानिएलाच्या चतुराईहून मोठी वाटणारी गोष्ट. कथेचा शेवट त्या दोन वडीलधाऱ्यांच्या मृत्युदंडात होतो. समेटाचा तो मार्ग नव्हे, हेही नोंदवले पाहिजे.

दुसऱ्याच्या नाटकातील उणीव दाखवणाऱ्याने आपलीही सांगावी. काही वर्षांपूर्वी, आताचे नव्हे तर दुसऱ्या एका धर्मग्रामात, अकरा वर्षांच्या एका वेदीसेवकाने मेणबत्त्यांच्या पेटीतून पैसे घेतले. आम्ही, वेदीसेवकांचे प्रमुख आणि त्याचे वडील कार्यालयात बसलो. तो बाहेर ओट्यावर होता. पाव तासात सारे ठरले: वडिलांनी पैसे भरायचे आणि मुलाने पुन्हा झगा घालायचा नाही. प्रकरण शांतपणे मिटले म्हणून आम्हांला समाधानही वाटले. पुढे तीनेक वर्षांनी सहज गप्पांत (प्रायश्चित्तात नव्हे, म्हणूनच येथे लिहिता येते) तो म्हणाला, “फादर, मला त्या दिवशी सांगायचं होतं की महिनाभर मेणबत्तीच्या स्टँडवरचं मेण मी खरवडून देतो. पण दार बंद होतं.”

मेणबत्त्यांच्या स्टँडवरचे मेण त्या काळात सेवकबाई पगार घेऊन काढत होत्या. त्या मुलाने झगा परत मागितला नाही, आम्हीही दिला नाही.