कोरे रेशीम

आम्हा झाशीकरांची नजर किल्ल्याच्या टेकडीवर पायथ्यापासून बुरुजापर्यंत एका दमात चढते. ग्वो शीच्या १०७२ सालच्या ‘वसंतारंभ’ या शाईचित्रात तसे होत नाही. त्यातला डोंगर एका जागेवरून पाहिलेलाच नाही: कधी खालून शिखराकडे, कधी दरीत डोकावून, कधी दूरवर सपाट नजरेने. मधेच तो धुक्यात हरवतो आणि वर पुन्हा भेटतो. हे धुके म्हणजे बव्हंशी कोरे ठेवलेले रेशीम. अनुवादक म्हणून मला तेच मोलाचे वाटते. मूळ लेखकाने मोकळी सोडलेली जागा आपण खुलाशांनी भरतो, तेव्हा वाचकाची वाटचालच हिरावून घेतो. ग्वो शी ती हिरावत नाही. चित्रातल्या इवल्याशा वाटसरूंमागून आपल्याला चालायला लावतो.