नावाने ओळखीचे, नजरेने अनोळखी

पुण्यात प्रभात रस्त्यावरून रोज ये-जा करणाऱ्या कितीजणांनी प्रभातचा एक तरी चित्रपट पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला असेल? ‘संत तुकाराम’ १९३६चा, दामले-फत्तेलालांचा, व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेला, एवढं पुष्कळांना सांगता येतं. अभिजात ठरलेल्या चित्रपटांचं हेच दुर्दैव आहे. नाव तोंडपाठ असलं की चित्रपट पाहिल्यासारखाच वाटतो.

म्हणून मी भेटेल त्याला आधी ‘कुंकू’ पाहायला सांगते. शांतारामबापूंनी १९३७ साली ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून तो काढला. म्हाताऱ्या काकासाहेबांशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्यांना नवरा मानायला साफ नकार देते. विषय धीट आहे, पण मला दर वेळी थक्क करतो तो त्याचा आवाज. या बोलपटाला पार्श्वसंगीतच नाही! भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, घरातल्या वस्तूंचे आवाज, माणसांचं बोलणं. नीरा गाते तेव्हा साथीला ग्रामोफोनची तबकडी असते. बोलपट येऊन जेमतेम सहा वर्षं झालेली, आणि तेव्हाच हा दिग्दर्शक कुठे गप्प बसायचं ते ओळखून होता. आजच्या मराठी चित्रपटांत कुणाचे डोळे पाणावायच्या आत व्हायोलिनं सुरू होतात. ‘कुंकू’ पाहिल्यावर ते फार खटकायला लागतं. शांता आपट्यांचा ताठ मानेचा नकार आणि केशवराव दात्यांचा हळूहळू खचत जाणारा चेहरा यांना कुणाच्या आधाराची गरज पडत नाही. काकासाहेबांच्या विधवा मुलीच्या भूमिकेत शकुंतला परांजपे आहेत. पडद्याबाहेर संततिनियमनाचं काम करणारी ही बाई नीरासमोर उभी राहते, तेव्हा त्या प्रसंगाला वेगळंच वजन येतं.

मान्यतेच्या याद्या बदलत राहतात, हे खरं. ‘साइट अँड साउंड’ या चित्रपटविषयक मासिकाच्या दर दहा वर्षांनी होणाऱ्या पाहणीत १९६२पासून २००२पर्यंत ‘सिटिझन केन’ पहिला होता. २०२२ साली तिथे शांताल आकरमन यांचा ‘जान दिएलमान’ आला, एका बाईचं घरकाम तीन तासांहून जास्त वेळ दाखवणारा. माझ्यासाठी यादी म्हणजे पत्ता. घर आपणच शोधायचं. आणि काही घरं आता उरलेलीच नाहीत. ‘आलम आरा’ची एकही प्रत शिल्लक नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पी. के. नायर यांनी डबे जमवले नसते तर आणखी किती गेलं असतं!

‘संत तुकाराम’ भक्तिपट म्हणून बाजूला ठेवणाऱ्यांनी गौरीबाईंची जिजाई पाहावी. प्रभातमध्ये साध्या कामाला आलेली ही बाई विष्णुपंत पागनीसांच्या शांत तुकोबांसमोर पोरं, म्हैस नि रिकामी चूल घेऊन उभी राहते. तिचं भांडण थेट विठोबाशी असतं. शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी रचलेला अभंग लोकांना तुकोबांचाच वाटला, इतकी त्या मंडळींची बोलीवर पकड होती. शेवटी तुकोबा वैकुंठाला निघतात नि तिलाही चल म्हणतात. तिला ते पटत नाही. तिच्यापुढे संसार आहे, स्वयंपाक व्हायचाय. आकाशात गरुड येतो, पण माझी नजर जिजाईवरून हलत नाही.