प्रमाणशीर प्रतिनिधित्व आणि किमान मतांची अट
तुर्कस्तानच्या १९८३ च्या निवडणूक कायद्याने प्रमाणशीर प्रतिनिधित्व राखले. परंतु देशभरात १० टक्के मते न मिळविणाऱ्या पक्षास एकही जागा नाही, अशी अट घातली. पक्षांच्या विखुरलेपणास आळा घालणे हा तिचा हेतू होता. २००२ साली केवळ दोनच पक्ष या कसोटीस उतरले. सुमारे ३४ टक्के मतांवर एका पक्षास ५५० पैकी ३६३ जागा लाभल्या. सुमारे ४५ टक्के मते निष्फळ ठरली. अपक्षांस ही अट लागू नसल्याने २००७ साली कुर्द पक्षाचे उमेदवार अपक्ष म्हणून उभे राहून निवडून आले. पक्षपद्धती सुदृढ करण्यासाठी केलेला नियमच पक्षास स्वतःचे नाव टाकावयास लावतो, हा त्यातील अंतर्विरोध होय. २०२२ साली मर्यादा ७ टक्क्यांवर आली. तथापि अशा अटीची परीक्षा हेतूवरून नव्हे, तर तिने निष्फळ केलेल्या मतांवरूनच व्हावयास हवी.