अनुकूली क्रमनियोजन : एक परीक्षण

विदाप्रवाहावर सतत चालणाऱ्या पृच्छेचे स्वरूप नेहमीच्या पृच्छेहून मूलतः भिन्न आहे. नेहमीच्या व्यवहारात माहिती स्थिर असते व प्रश्न येऊन जातो. येथे प्रश्न ठाण मांडून बसतो व माहिती वाहत जाते. पृच्छेच्या अनेक पायऱ्यांपैकी कोणती केव्हा चालवावी हे ठरविणे म्हणजे क्रमनियोजन. परिस्थिती पालटताच क्रमही पालटणे म्हणजे अनुकूली क्रमनियोजन होय.

२००३ साली स्टॅनफर्ड येथील बॅबकॉक, बाबू, दातार व मोटवानी यांनी ‘शृंखला’ ही रीती मांडली. कमीत कमी वेळात अधिकांत अधिक नोंदी गाळणाऱ्या पायऱ्यांना अग्रक्रम द्यावयाचा, हे तिचे सार. तिचे गुणदोष एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होतील. बेल्हे येथील सोमवारच्या बैलबाजारातील सौद्यांच्या १० नोंदी दर मिनिटास यंत्राकडे येतात. पहिली पायरी एका मिनिटात दहांतून एक नोंद राखते, दुसरी एका मिनिटात तिचे उत्तर देते. आल्या क्रमाने काम केल्यास चौथ्या मिनिटाअखेर ३० नोंदी तुंबतात, पण दोन उत्तरे हाती आलेली असतात. शृंखलेच्या न्यायाने केवळ १४ नोंदी तुंबतात. उत्तर मात्र एकही मिळत नाही. स्मृती वाचली, ती विचारणाऱ्याला ताटकळत ठेवून.

हा पेच सोडविण्यासाठी वूस्टर येथील सदरलंड, रुंडनस्टायनर प्रभृतींनी २००५ साली निराळा मार्ग सुचविला. अनेक रीती हाताशी ठेवाव्या, प्रत्येकीच्या कामगिरीस गुण द्यावे आणि गुणांच्या प्रमाणात संधी देत पुढील रीती निवडावी. स्मृती, विलंब व उत्पादन यांपैकी कशास किती महत्त्व, हे व्यवस्थापकाने भारांकांनी सांगावयाचे.

कल्पना चतुर आहे. तथापि तिच्यात दोन उणिवा संभवतात. पहिली, गुण रीतीचे की प्रसंगाचे, हे निश्चित होत नाही. बाजार ऐन भरात असताना जी रीती चालू असेल, तिच्या माथी गर्दीचा दोष येतो. मंद वेळेची रीती आयतेच श्रेय मिळविते. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. भारांक ही सापेक्ष पसंती होय, हमी नव्हे. विलंबास कितीही भार दिला, तरी उत्तर अमुक वेळेत मिळेलच असे त्यातून निष्पन्न होत नाही. शृंखलेच्याच कर्त्यांनी एका सहकाऱ्यासह २००४ साली विलंबाच्या मर्यादेचा विचार करणारी रीती मांडली. तत्त्वदृष्ट्या तीच दिशा अधिक सयुक्तिक वाटते.

याच जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण या प्रश्नाची दुसरी बाजू दाखविते. तिच्या ३० अँटेनांकडून, प्रत्येकी दोन ध्रुवणांचे, ६० प्रवाह येतात. ४०० मेगाहर्ट्‌झ पट्ट्यासाठी प्रत्येक प्रवाहाचे सेकंदास ८० कोटी, म्हणजे एकूण ४,८०० कोटी नमुने घ्यावे लागतात. ओघ प्रचंड, परंतु त्याची गती ठरलेली. म्हणून मूळ गणिताचा क्रम आधीच बांधून ठेवता येतो. तात्पर्य, अनुकूलतेची गरज प्रवाहाच्या विपुलतेतून नव्हे, तर अनियमिततेतून उद्भवते.

म्हणून या क्षेत्रातील अभ्यासकाने प्रथम दोन गोष्टी तपासाव्यात : प्रवाह खरोखर चंचल आहे काय, आणि उत्तरासाठी कोणी किती वेळ थांबावयाचे आहे. यंत्र क्रम निवडू शकते. उद्दिष्ट निवडण्याचे दायित्व माणसाकडेच राहते.