पारव्याची धर्मशाळा आणि औदुंबराची पायवाट

‘एकांत’ आणि ‘एकाकीपणा’ हे दोन्ही शब्द ‘एक’ या एकाच शब्दातून निघालेले; पण त्यांचे कूळ एक असले तरी स्वभाव अगदी वेगळे आहेत. एकांत माणूस मागून घेतो, एकाकीपणा न मागता पदरी पडतो. संतांनी एकांताची गोडी गायिली आणि भाविकांनी ती ऐकली, परंतु भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसणाऱ्या तुकोबांना खाली देहू होते, घर होते, टाळकरी होते, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. उत्तरायुष्यात एकटे राहण्याची वेळ ज्यांच्यावर येते, त्यांना आजकाल ‘एकटेपणाचा आनंद घ्या’ असा सल्ला सर्रास दिला जातो. छंद जोपासा, फिरायला जा, मन रमवा अशी त्याची कलमे असतात. सल्ला वाईट नाही. मात्र रिकामा वेळ भरला की रिकामे मनही भरते, असे त्यात गृहीत धरलेले असते आणि तेथेच तो तोकडा पडतो. या बाबतीत एका तरुण कवीच्या दोन लहान कविता अधिक खोलवर पाहतात, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

हा कवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, अर्थात बालकवी. जन्म १८९० सालचा, खानदेशातील धरणगावचा. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली आणि १९१८ साली अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी रेल्वेच्या अपघातात त्यांचा अंत झाला. ‘फुलराणी’चा हा कवी आपल्या पाठ्यपुस्तकांनी आनंदाचा कवी म्हणून ओळखीचा करून दिला. त्याच कवीने ‘पारवा’ आणि ‘औदुंबर’ लिहिल्या. या दोन कविता शेजारी शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे एकाकीपणा कोठे संपतो आणि एकांत कोठे सुरू होतो, हे नेमके दिसू लागते.

‘पारवा’ या कवितेत एक पडकी धर्मशाळा आहे. भिंत खचलेली, खांब कललेला, आणि कौलारात बसून एक पारवा घुमतो आहे. कवीने देऊळ निवडले नाही, रानही निवडले नाही, धर्मशाळा निवडली. रान ओसाड असले तर आपल्याला वाईट वाटत नाही, कारण रानाने कोणाची वाट पाहिलेली नसते. धर्मशाळा मात्र येणाऱ्याजाणाऱ्यांसाठीच बांधलेली असते. तिचे ओसाडपण हे मोडलेल्या अपेक्षेचे ओसाडपण आहे. एकाकीपणाची याहून नेमकी व्याख्या मला ठाऊक नाही. माणसे नसणे म्हणजे एकाकीपणा नव्हे. जेथे माणसे असायला हवी होती तेथे ती नसणे म्हणजे एकाकीपणा.

आपल्यापैकी अनेकांना ही धर्मशाळा परकी वाटणार नाही. इंदूरच्या रामबागेत काय किंवा ग्वाल्हेरच्या लष्करात काय, आपल्या पूर्वजांनी वाडे बांधले ते भरल्या कुटुंबासाठी. पंगती बसतील एवढी माजघरे, पाहुण्यांसाठी वरचा मजला. आज त्यांपैकी कित्येक वाडे पाडून सदनिका झाल्या, आणि जे उरले त्यांत एखादे वृद्ध जोडपे किंवा जोडप्यातील उरलेले एकच माणूस राहते. मुले पुण्याला, बंगळूरला, अमेरिकेत. त्यांचे काही चुकले असे नाही. पण बारा खोल्यांच्या घरात एका माणसाचा चहा करताना जे जाणवते, त्याला वाड्याची बांधणीही कारण असते.

पुन्हा कवितेकडे वळू. ऐन माध्यान्ह आहे. इतर पक्षी पानांच्या सावलीत पेंगत आहेत. या पारव्याला मात्र उडण्याची हौस नाही. कवी त्याला विचारतो : तुला काही दुखतेखुपते का? येथवर ही कविता करुणेची वाटते. पुढे मात्र तिला वळण लागते. पारवा आपल्या दुःखातच शांत निजल्यासारखा आहे, जगाच्या मानाची त्याला अपेक्षा नाही आणि कवीला तो बुद्धासारखा भासू लागतो. उष्ण वारे वाहत आहेत ते कवीच्या जगात. म्हणजे कीव करू लागलेला कवी अखेरीस हेवा करू लागतो. एकाकी कोण, पारवा की त्याला प्रश्न विचारणारा? माझ्या मते प्रश्न विचारणारा. स्वतःचे दुःख दुसऱ्याच्या गळ्यात ऐकणे हे एकाकी मनाचे लक्षणच आहे. अशा मनाला पक्ष्याच्या घुमण्यातसुद्धा आपलेच गाऱ्हाणे ऐकू येते.

‘औदुंबर’ ही अवघ्या आठ ओळींची कविता. तिच्यावर मराठी समीक्षेने खूप लिहिले. कोणाला तीत उदासी दिसली, कोणाला विरक्ती. मला महत्त्वाची वाटते ती एक साधी गोष्ट : या आठ ओळींत ‘मी’ नाही. कवी प्रश्न विचारत नाही, कीव करत नाही, हेवाही करत नाही. तो फक्त पाहतो. हिरवे तीर, निळसर ओढा, पलीकडे टेकडीजवळ चार घरांचे गाव, शेतमळे, त्यांतून वेडीवाकडी जाणारी पांढरी पायवाट आणि शेवटी काळा डोह व त्यात पाय सोडून बसलेले झाड. डोहावर सावली दाटलेली आहे. पण तिच्या काळेपणाला कवीने दिलेले विशेषण चवीचे आहे, भीतीचे नव्हे. उदासीचा पक्ष घेणाऱ्या समीक्षकांना या एका विशेषणाचा जाब द्यावा लागेल.

जो पारव्याला प्रश्न विचारत होता, तो येथे गप्प झाला आहे. स्वतःकडून लक्ष काढून समोरच्या वस्तूवर ते निवांत ठेवता आले, की तोच एकटेपणा एकांत होतो. छंद, फेरफटका, वाचन ही या लक्षाची साधने आहेत. पण फेरफटका मारतानाही मन ‘मला कोणी विचारत नाही’ हेच घोकत असेल, तर ते पारव्याच्या धर्मशाळेतच बसलेले असते.

मात्र दुसरीही एक गोष्ट विसरता येत नाही. औदुंबराच्या चित्रात गाव दिसते आणि पायवाट डोहापर्यंत येते. माणूस एकही नाही, पण माणसाच्या येण्याची सोय आहे. ‘पारवा’मध्ये नेमकी हीच सोय मोडलेली आहे. एकांत गोड लागतो तो वाट शाबूत असल्यामुळे.

याची साक्ष बालकवींच्या निकटच्या एका व्यक्तीकडेच आहे. बालकवी काही काळ अहमदनगरला रेव्हरंड टिळकांच्या घरी राहिले आणि लक्ष्मीबाई टिळकांनी त्यांच्यावर आईची माया केली. त्याच लक्ष्मीबाईंनी १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर ताटातुटीची वर्षे कशी काढली, ते १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘स्मृतिचित्रे’त सांगितले आहे. तो एकांत नव्हता, तो लादलेला एकाकीपणा होता. त्या काळी कोणी त्यांना ‘एकटेपणाचा आनंद घ्या’ म्हटले असते, तर ती क्रूर थट्टाच ठरली असती. त्यांच्या त्या दुःखाला उतार पडला तो टिळकांच्या घरी परतल्यावर, म्हणजे वाट पुन्हा जुळल्यावर. टिळकांच्या निधनानंतर मात्र त्यांनी पतीचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ हाती घेऊन त्याचा मोठा भाग रचला आणि जुन्या दुःखाला हसत हसत शब्द दिले. ते वैधव्य सोपे नव्हते. पण आता त्यांच्यासमोर काम होते आणि ऐकणारा वाचक होता.

तेव्हा एकांताचा उपदेश करणाऱ्याने आधी एक पाहावे : समोरच्याच्या दारापर्यंत पायवाट आहे काय? आपल्या मंडळाचे काही जुने सभासद आता जिना चढू शकत नाहीत. त्यांना हे पत्र टपालाने मिळते, पण माणूस मिळत नाही. महिन्यातून एकदा दोघांनी त्यांच्याकडे जाऊन तासभर बसण्याची पाळी लावता येईल. त्यासाठी ठरावाची गरज नाही. आणि जो तास त्यांना एकट्याने काढायचा आहे, त्यासाठी ‘औदुंबर’ न्यावी. मोठ्याने वाचून द्यावी, आणि मग त्यांना ती एकट्याने पुन्हा वाचू द्यावी.